पाचव्या मजल्यावरचं इंग्रजी

सोमवार, ३ जून
लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात एकवीस वर्षं काढली. यंदा विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे. शुक्रवारी साहेब नाव जाहीर करणार. माझ्याखेरीज एकच उमेदवार, पलीकडच्या टेबलावरची हसरी. ती गिऱ्हाइकांना 'मॅन इज कमिंग टुडे ओन्ली' असं लिहिते. म्हणजे स्पर्धा नाहीच.
संकल्प: आठवडाभर एकही अशुद्ध कागद टेबलावरून पुढे सरकू द्यायचा नाही.

मंगळवार, ४ जून. सकाळी ११
एका गिऱ्हाइकाची मेल. लिफ्ट बंद, म्हातारी आई पाचव्या मजल्यावर अडकून पडलेली. चार ओळींत सात चुका! लाल रंगात दुरुस्त करून परत पाठवली. शुद्ध करून पुन्हा पाठवावी, अशी नम्र विनंती केली. लोकांना कुणीतरी वळण लावायलाच हवं.
हसरीने विचारलं, मेकॅनिक पाठवला का. म्हटलं, आधी तक्रार तर धड येऊ दे. ती म्हणाली, चारचौघं बोलतात तेच इंग्रजी. चारचौघं नाकात बोटंही घालतात, असं सुनावलं. ती आपल्या टेबलाकडे वळली. हरली.

बुधवार, ५ जून
तीच मेल पुन्हा. आता नऊ चुका आणि सहा उद्गारचिन्हं. रागात माणसाचं व्याकरण सुटतं. पुन्हा परत धाडली, सोबत नियमांची दोन पानं जोडली.
दुपारी हसरीच्या टेबलावर केक. तिने कुणाची तरी लिफ्ट तासाभरात सुरू करून दिली म्हणे. मी खाल्ला नाही. म्हणजे एकच तुकडा.
घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, वासरांत लंगडी गाय शहाणी. हसरीला न बघताच बरोबर ओळखलं तिने.

गुरुवार, ६ जून
साहेबांची चिठ्ठी आली, 'डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक.' दुरुस्त करून त्यांच्या टेबलावर ठेवली. चुणूक दिसली पाहिजे. हसरी पुन्हा मेकॅनिकचं विचारत होती. झालंय ते सगळं, असं सांगून वाटेला लावली.

शुक्रवार, ७ जून. संध्याकाळी ५
हसरी झाली. साहेबांनी अशुद्ध भाषण केलं आणि टाळ्या कडाडल्या. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.
नव्या प्रमुखांचा पहिला हुकूम: पाचव्या मजल्यावर फोन करून त्या लाल दुरुस्त्यांबद्दल मी स्वतः माफी मागायची. तासभर बसून इंग्रजी मसुदा केला. निर्दोष.
फोन त्या आईनेच उचलला. सगळा मसुदा सावकाश वाचून दाखवला. त्या शेवटपर्यंत शांत. वाटलं, भारावल्या. मग म्हणाल्या, बाळा, मला इंग्रजी कळत नाही, लिफ्ट कधी सुरू होईल तेवढं सांग, चार दिवस झाले, खाली उतरले नाही.
त्यांना थांबायला सांगितलं. हसरीच्या टेबलाशी जाऊन मेकॅनिकचा नंबर मागितला. एकवीस वर्षांत तो मी कधी लिहून घेतलाच नव्हता.