मला नुसतं बघून कळतं

३ फेब्रुवारी
आजपासून कोंबड्यांच्या बाबतीत संपूर्ण स्वावलंबन. 'कोंबड्यांचे नेहमीचे रोग, चित्रांसह' हा तक्ता खुराड्याशेजारच्या भिंतीवर लावला. दोनदा वाचला. आता मला नुसतं बघून कळतं. सगळी नोकरी माणसं ओळखण्यात गेली, तिथे कोंबडीची काय कथा.
बायकोचा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर. दुपारी बर्फात ठेवलेली लस घेऊन हजर. म्हणाला, "भावोजी, डोळ्यात एकेक थेंब. दहा मिनिटांचं काम." नको म्हटलं. लशीने कोंबडी ऐतखाऊ होते, स्वतः लढायचं विसरते. तो हसला आणि त्याने बहिणीकडे बघितलं. हे असं बघणं मला आवडत नाही. खुराड्याला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

४ फेब्रुवारी
शेजारची शिंपीण आली. दिवसभर मशीनवर असते, घरी आजारी सासू. अंडी विकते म्हणून महिना निभतो. विचारत होती, "काका, लस देऊन घेऊ का?" म्हटलं, मी असताना? "ते पण आहेच," म्हणाली. मोठी समजूतदार बाई. हे वाक्य बायकोला जेवताना दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा भाजी वाढली.
संकल्प: शिंपिणीकडे रोज राउंड. लसूण-हळदीचा काढा आपल्याकडून, फुकट.

१५ फेब्रुवारी
संकट. कॅशियरची पिसं गळताहेत. (ही तपकिरी कोंबडी. आमच्या ऑफिसातल्या कॅशियरसारखीच सगळ्यांकडे संशयाने बघते, म्हणून नाव.) मान उघडी पडली आहे. तक्ता बघितला. लक्षणं गंभीर. तिला ताबडतोब अडगळीच्या खोलीत वेगळं ठेवलं.
बायको म्हणाली, "अहो, ती पिसं बदलते आहे." म्हटलं, बदलतात ते कपडे.

१९ फेब्रुवारी
टायपिस्टने (ही दुसरी कोंबडी) मऊ कवचाचं अंडं घातलं. हातात घेतलं तर फुग्यासारखं. निदान: चुना कमी. शिंपले कुटून घातले. दोघीतिघी शिंकताहेत: सर्दी. काढा. विष्ठा हिरवी: परवा पालक घातला होता. तीन रोग, तीन निदानं, एका सकाळीत. डॉक्टरने यासाठी तीन फेऱ्या मारल्या असत्या.
राउंड केला. शिंपिणीकडे सर्व ठीक. माझ्या काढ्याचा गुण.

२० फेब्रुवारी
डायरेक्टर (आमचा तांबडा कोंबडा) सकाळपासून मान वळवून आभाळाकडे बघतो आहे. बायको म्हणाली, "याची मान वाकडी झालीय." म्हटलं, विचारात आहे. आमचे खरे डायरेक्टरही प्रमोशनच्या यादीआधी असेच खिडकीबाहेर बघत बसायचे.
मात्र दाणा टिपताना त्याची चोच बाजूला पडते. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पडतेच.

२१ फेब्रुवारी, सकाळ
टायपिस्ट गेली. निदान: वय.
बायको म्हणाली, "गेल्या वर्षी पिल्लू होती." मग म्हणाली, "भावाला फोन करू?" परिस्थिती आटोक्यात आहे असं सांगितलं. आवाज जरा चढला माझा. काढा दुप्पट.
राउंडला गेलो. शिंपीण म्हणाली, "काका, चेहरा उतरलाय तुमचा." म्हटलं, जागरण.

२२ फेब्रुवारी
आणखी काही गेल्या. किती ते लिहीत नाही. उरलेल्या चोच उघडून श्वास घेतात. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. बायकोने रेडिओ लावला नाही.
तक्ता पुन्हा वाचला. सगळ्या चित्रांतल्या कोंबड्या आपल्या खुराड्यातल्यासारख्याच दिसायला लागल्या आहेत.

२३ फेब्रुवारी
डायरेक्टर जागच्या जागी गोल फिरतो आणि पडतो. मांडीवर घेतला, चमच्याने पाणी दिलं. पाणी बाहेर. एवढा रुबाबदार पक्षी, हातात काही वजनच नाही. त्याने कधी कोणाला मांडीवर घेऊ दिलं नव्हतं. आज बसून राहिला.
किल्ली बायकोच्या हातावर ठेवली. तिने लगेच फोन उचलला.

त्याच दिवशी, दुपारी
मेहुणा आला. मास्क, हातमोजे, गमबूट. दारातूनच म्हणाला, "मानमोडी."
तक्त्यातलं तिसरं चित्र, राणीखेत. पण त्या चित्रातली कोंबडी पांढरी आहे, आमचा कोंबडा तांबडा. तसं त्याला सांगितलं. तो खुराड्यात शिरला. तक्ता छापणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता.
औषध आहे का विचारलं. म्हणाला, "झाल्यावर नाही, भावोजी. आधी असतं." खड्डा खणला, चुना टाकला. डायरेक्टरला मीच नेलं.
कॅशियरला त्याने उलटीपालटी करून तपासलं. "हिला काही झालेलं नाही. पिसं बदलते आहे. पण वेगळी ठेवलीत म्हणून आजवर वाचली." निदान हे लिहून ठेवतो.
मग त्याने माझ्या पायांकडे बघितलं. "या चपलांनी आणखी कुठे गेला होतात?"
कुठेच नाही, म्हटलं.
बायको माझ्याकडे बघत होती. मग सांगितलं. शिंपिणीकडे. रोज. खुराड्यातून सरळ तिकडे. लस नको असंही मीच सांगितलं होतं.
तो म्हणाला, "आता तिकडे जाऊ नका." बहिणीशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि हात धुवायला गेला.

२४ फेब्रुवारी
शिंपिणीच्या मशीनचा आवाज सकाळपासून बंद आहे. सासूला दवाखान्यात नेलं असेल. किंवा खड्डा खणत असेल.
स्वतःशी पुष्कळ मुद्दे काढले: चपलांनी रोग जातो हे पुस्तकी ज्ञान, तिच्या कोंबड्या मुळात काटक, शिवाय काढा. एकही मुद्दा पाच मिनिटं टिकला नाही.

२५ फेब्रुवारी
चपला जाळल्या. पाय साबणाने धुतले, नवे बूट घातले आणि शिंपिणीच्या फाटकापर्यंत गेलो. आत नाही. हाक मारली. ती दारात आली, म्हणाली, "काका, तिथूनच बोला हं."
तिथूनच बोललो. सगळं. चपलांचं, लशीचं, काढ्याचं. तुझं नुकसान माझ्यामुळे, म्हटलं.
तिने ऐकून घेतलं. मग जरा ओशाळून म्हणाली, "काका, लस मी तेव्हाच देऊन घेतली. तुम्ही दुपारी झोपला होता, तेव्हा काकू डॉक्टरांना घेऊन आल्या होत्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."
आणि काढा?
"तो पेरूच्या झाडाला घालत होते."
तिच्या मागे कोंबड्या हिंडत होत्या. सगळ्यांच्या माना सरळ. फाटकाला धरून बराच वेळ बघत राहिलो. आपलं कोणी ऐकलं नाही याचं एवढं बरं जन्मात कधी वाटलं नव्हतं.
घरी आलो. बायको भाजी निवडत होती. म्हटलं, शिंपिणीच्या कोंबड्या ठणठणीत आहेत.
"माहीत आहे," म्हणाली.