तांडेलाला मीच परत आणणार

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.
हरलो. सहा-शून्य. सहावा गोल तर आपल्याच विनोदनं आपल्याच जाळ्यात मारलान. मी म्हटलं, चला, एक तरी गोल आपल्या माणसानं केलान. कोणी हसलं नाही. म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबची परिस्थिती फारच वाईट आहे.
नवा मॅनेजर शुभंकर मुंबईचा. सराव करताना मैदानात लाल प्लास्टिकच्या टोप्या मांडतो आणि पोरांना त्यांच्यामधून पळवतो. मॅचमध्ये टोप्या नसतात. मग पोरांना कळत नाही पळायचं कुठं.
आता एकच उपाय. गंगाराम तांडेलाला परत आणायचं. तीस वर्षं बोट चालवलेला माणूस. आठ वर्षं आमचा क्लब चालवलान, तीन वेळा कप आणलान. एप्रिलात एकदम सोडून सावर्ड्याला लेकीकडे जाऊन बसला. कुणीतरी काहीतरी बोललं असणार. लोकांना तोंड आवरत नाही.
हे काम मलाच करायला हवं. मैदान आहे तो कातळ, म्हणजे आमचा खडकाळ माळ, ह्यांनीच क्लबला वापरायला दिलेला. ह्यांच्या माघारी क्लबची सल्लागार मीच. कागदावर नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

३ नोव्हेंबर.
अध्यक्ष भागोजीच्या पडवीत मीटिंग. अर्धे म्हणाले तांडेलाला आणा. अर्धे म्हणाले, मधेच सोडून गेला त्याच्या पाया पडायचं नाही. एकजण म्हणाला, शिळा भात परत चुलीवर ठेवला की करपतो. मी म्हटलं, तू रोज तोच खातोस, म्हणून रंग असा काय रे?
मग चिमा, माझी धाकटी जाऊ, सगळ्यांदेखत बोलली, जाऊबाई, तो तुमच्यामुळे गेला.
साफ खोटं. बक्षीस समारंभात मी माईक घेऊन त्याची नक्कल केली, एवढंच. गोलकीपरला तो 'नांगर टाक' म्हणून ओरडतो आणि पुढच्या पोरांना 'इंजिन वाढव', ते करून दाखवलं. चालतो कसा, तेही. सगळी वाडी पोट धरून हसली. तोही हसला. मग शिट्टी माझ्या मांडीवर ठेवलीन आणि घरी गेला. रागावलेला माणूस हसतो का कधी?

४ नोव्हेंबर. सकाळी ७.
संकल्प. आजपासून टिंगल बंद. तांडेल येईल तेव्हा त्याला मी वेगळीच बाई दिसले पाहिजे.

४ नोव्हेंबर. सकाळी ११.
भागोजी केस काळे करून आला. मी फक्त विचारलं, बाळा, तुझे बाबा भागोजी घरात आहेत का? चहा न पिता गेला. प्रश्न विचारणं म्हणजे टिंगल नव्हे. संकल्प चालू.

८ नोव्हेंबर.
तांडेलाला सात फोन केले. उचलत नाही. सावर्ड्यात रेंज नसेल. समक्ष गेलेलं बरं.

११ नोव्हेंबर. मंगळवार.
दोन एसट्या बदलून सावर्ड्याला जाऊन आल्ये. कंबर मोडली. बरोबर सुके बोंबील नेले होते.
तांडेल जावयाच्या पंख्यांच्या दुकानात बसलेला. मला बघून आधी मागच्या दारानं जायला निघाला. मागे दार नाही, भिंत आहे. मग बसला.
मी एक शब्द वाकडा बोलले नाही. एवढंच म्हटलं की तांडेला, पंख्यांच्या दुकानात बसून तुला घाम कसा येतो रे? त्याची लेक हसली. तो नाही हसला.
सगळं सांगितलं. पोरं हरतात, निम्मी आता क्रिकेटकडे जातील, क्लब मोडेल, तू चल. बोंबलांची पिशवी उघडून बघितलीन. मग म्हणाला, सत्यवतीबाय, बघू.
बघू! नाही म्हणाला नाही. आपल्याकडे बघू म्हणजे जवळजवळ होच.
बोंबील ठेवून घेतलेन. हेही शुभच.

१६ नोव्हेंबर, रविवार.
चार-शून्य. दोन गोलांची सुधारणा.
पण शुभंकर टोप्या गोळा करून म्हणाला, मला मुंबईत नोकरी लागल्ये, उद्यापासून येणार नाही. भागोजी म्हणाला, मग पुढची मॅच झाली की क्लब बंद करू, कातळ क्रिकेटवाले मागतायत.
पोरं माझ्याकडे जेवायला आली ती गप्प जेवली. चौदा पोरं आणि घरात फक्त ताटांचा आवाज. मॅचनंतर जेवण माझ्याकडे ही रीत आहे. रविवारी घर भरतं. बाकीचे सहा दिवस मी आणि मांजर. मांजर पण फार बोलत नाही.
क्लब बंद होता कामा नये. पोरांसाठी म्हणत्ये मी. माझं काय.

१८ नोव्हेंबर.
सुचलं! देवीला कौल लावायचा. गुरव देवीला दोन पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तांडेलाला आणावं की नको, देवीच सांगेल. मग हे अर्धे-अर्धे भांडतील कशाला?
भागोजीच्या घरी सगळ्यांना नारळावर हात ठेवायला लावला. देवी देईल तो कौल पाळायचा, मोडील त्याचं वाटोळं. सगळ्यात आधी हात मी ठेवला.
भागोजीनं तांडेलाला फोन केलान. पहिल्याच रिंगला उचललान. शुक्रवारी येतो म्हणाला.
संध्याकाळी गुरवाला सहज सुचवलं, उजवी पाकळी जरा कमी पाण्यात बुडव, म्हणजे आधी सुटेल. तो भडकला. मी काही देवाच्या कामात ढवळाढवळ करणारी नव्हे. सुचवलं फक्त.

२१ नोव्हेंबर. शुक्रवार.
काय लिहू.
देवळात सगळी वाडी. तांडेल आला, पांढरा शर्ट घालून. मी म्हटलं, नवरदेव आला. पण हळू म्हटलं. चिमानं ऐकलंन, तांडेलानंही.
गुरवानं गाऱ्हाणं घातलंन. पाकळ्या चिकटवल्यान. बसलो. अर्धा तास. एक तास. उजवीही पडेना, डावीही पडेना. मी म्हटलं, देवी पण कमिटीत आहे वाटतं, ठरवतच नाही. भागोजी म्हणाला, वैनी, देवळात तरी गप बसा.
तेव्हा तांडेल उठला. गुरवाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. गुरवानं माझ्याकडे बघितलंन, पाणी शिंपडलंन आणि नवं गाऱ्हाणं सुरू केलंन. आई, गंगारामनं परत क्लब सांभाळावा, पोरांना यश यावं. सगळे म्हणाले, होय महाराजा. आणि तो मॅनेजर असेल तोवर सत्यवतीनं मैदानात पाऊल टाकू नये, हे तुझ्या मनात असेल तर उजवी दे. होय महाराजा!
सवयीनं मीही बोलले. सगळ्यांत मोठा आवाज माझा.
उजवी पाकळी टपकन पडली.

२२ नोव्हेंबर.
शांत डोक्यानं विचार केला. देवीनं पाऊल म्हटलंय. मला कुणी खुर्चीसकट उचलून नेलं, तर पाऊल लागतं कुठं? चार पोरांना विचारलं. म्हणाली, काकी, शपथ आहे.
गुरवाकडे गेल्ये. दुसरा कौल लाव म्हटलं. एका गोष्टीला वर्षात एकच कौल, म्हणाला.
कातळ माझा. सातबाऱ्यावर माझं नाव. माझ्याच जमिनीवर मी पाऊल टाकायचं नाही. नारळावर पहिला हात पण माझाच.
असो. देवीला माझ्या गुडघ्यांची काळजी. कातळ फार तापतो.
उद्या पोरं जेवायला येतील तेव्हा मॅच ऐकीनच. जेवणाबद्दल कौलात काही नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, सोलकढी. चौदा ताटं. तांडेलाचं पंधरावं. त्याला काही बोलायचं नाही असं ठरवलंय. अगदीच वाटलं तर एकच वाक्य.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळ ५.
कातळाकडून दोनदा मोठा ओरडा आला. घरातून कळत नाही कुणाचा. एकदा आपला असणार. दुसराही आपलाच.

६ वाजता.
चिमा धावत आली. म्हणाली, जाऊबाई, जेवण भागोजीकडे आहे, तांडेलानं सांगितलंय, मोठा टोप तेवढा द्या. टोप रिकामा करून दिला. घाईत होती, लगेच गेली.

७ वाजता.
भागोजीकडे ढोल वाजतोय. म्हणजे जिंकले असतील. हरल्यावर ढोल कोण वाजवतं?
किती गोलनं ते काही कळलं नाही. उद्या सकाळी दुधाला जाईन तेव्हा कुणीतरी सांगेल. आपणहून विचारायचं नाही.