अमीबा आणि लख्ख घासलेली डबी

ती. ताईस,

धाकटीचा एका डोळ्याने वाकून नमस्कार (दुसऱ्यात औषध आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? भाओजींचा खोकला थांबला का? मी बरी आहे, आणि जी काही बरी आहे ती तुझ्या लेकीमुळे, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं, की माझा उजवा डोळा लाल झाला आणि असा ठणकायला लागला, की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. तिच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी साधा संसर्ग म्हणून थेंब दिले. पण तुझी लेक हटून बसली. दिसतंय त्या मानाने दुखतंय फार, आणि ही बाई कॉन्टॅक्ट लेन्स लावते, म्हणाली. (मावशी नाही हो, ‘ही बाई’! कामावर नातं ओळखत नाही, अगदी तुझ्यावर गेलीय.) मग माझी उलटतपासणी. लेन्स कशाने धुतेस? मी ताठ मानेने सांगितलं, नळाच्या पाण्याने, रोज. तिने कपाळावर हात मारला आणि लेन्सची डबी तपासायला मागितली. आता तूच सांग, आईच्या हाताखाली वाढलेली बाई चारचौघांत मळकी वस्तू नेईल का? मी डबी उकळून, ब्रशने घासून, लख्ख करून नेली.

“मावशी, अगं पुरावाच धुऊन आणलास की!” म्हणत ती मटकन खाली बसली.

शेवटी डोळा बधिर करून तिने बुबुळावरचं कणभर खरवडून काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. अमीबा! पाण्यातून आलेला. मोठे डॉक्टर दोनदा वाकून बघून गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “हिचंच बरोबर होतं.” ताई, मला रडूच आलं, आणि ते औषधाने नव्हतं. आपल्या घराण्यात अमीबा प्रथमच, तोही घरच्याच मुलीने शोधलेला! महिनाभर औषध घातल्यावर परवा तर मी उजव्या डोळ्याने अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. तिचा चेहरा तू बघायला हवा होतास.

तुझी,
धाकटी

ता. क. तो चेहरा मलाही नीट दिसला नाही, डावा डोळा झाकलेला होता ना. तक्ता मी आधीच डाव्या डोळ्याने पाठ करून ठेवला होता. मोठे डॉक्टर शेजारी उभे होते गं, पोरीची मान खाली जायला नको.

आणखी एक. त्या वाचनावर विसंबून ती आता औषध कमी करणार आहे. माझी जीभ रेटत नाही, पत्र मिळताच तूच तिला फोन कर. मोठ्या डॉक्टरांना मात्र मी स्वतः सांगेन, की चुकली ती नव्हे, मावशी.