बिनवासाचा बासमती

कॅम्प, बेळगाव
ता. ५ जानेवारी २०२५

चि. भरमूस मालुआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू लगेच तापतोस, म्हणून पत्र. माहेरचा बासमती मिळाला. त्याच दिवशी शिजवला, पण घरभर वास काही पसरेना! दरवर्षी कुकरची शिट्टी व्हायच्या आत शेजारच्या जयाबाई वाटी घेऊन दारात हजर असतात. यंदा त्या फिरकल्याच नाहीत. खरं सांग, दुकानातला तांदूळ तर मिसळला नाहीस ना? हे म्हणतात, मेहुण्यानं आता बासमतीचं नावच तेवढं ठेवलं.

रागावू नकोस, लोभ असू दे.
तुझी आक्का

नंदगड
ता. १४ जानेवारी

ती. मालुआक्कास भरमूचा शि. सा. न. वि. वि.

तीळगूळ घे, पण मी गोड बोलणार नाही! आईनं राखलेलं बियाणं, त्यात मी भेसळ करीन? आमच्याही घरी वास नाही.

तुझी भाची दिपाली धारवाडला शेतकीचं शिकते, सुट्टीला घरी आलीय, तिला विचारलं. दाणा भरताना रात्री गार असल्या तरच वास धरतो म्हणाली. ऑक्टोबरात तर आम्ही अंगणात झोपूनही घामाघूम. कोळसा, पेट्रोल जाळून हवेत साठलेल्या वायूंची म्हणे पृथ्वीवर गोधडी पडली आहे, आणि ती जाडच होत चालली आहे. मी म्हटलं, मी कुठं लई मोटारी उडवतोय गं? तर पोरीनं शेताकडं बोट दाखवलं. तिथं मीच पेटवलेली धसकटं धुमसत होती! भातात तुंबलेल्या पाण्यातूनही तसलाच वायू निघतो म्हणे. आता म्हशीनं शिंकायचंही न्हाय व्हय, असं विचारलं, तर हसली नुसती.

मन उडालं, आक्का. औंदा संकरित भात लावणार. आईच्या बियाण्याची शेवटची पिशवी दिपालीबरोबर पाठवतोय. भरडून खाऊन टाक.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा भरमू

कॅम्प, बेळगाव
ता. २० जानेवारी

चि. भरमूस अनेक आशीर्वाद.

चुकले रे. तुझ्यावर संशय घेतला, त्याची फार लाज वाटते. ऑक्टोबरात मी एसी लावून गार झोपले होते. तुझ्या भाताला गार रात्र कुणी द्यायची, हे मनातही आलं नाही. ती वीजही बरीचशी कोळसा जाळूनच येते, हे दिपालीनं सांगितलं. आता आम्ही पंख्यावर भागवणार, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या बाजारालाही गाडी काढणाऱ्या तुझ्या भावोजींना मी पायी धाडते. पोट उतरेल, तो वरचा फायदा. एवढ्यानं ऑक्टोबर गार होणार नाही, हे मलाही कळतं.

पण पिशवीची गाठ मी सोडलेली नाही. दिपालीबरोबरच परत पाठवते. धसकटं जाळू नकोस, नांगरून गाड, आणि दोन गुंठे तरी आईचंच बी पेर. वास येवो न येवो, मला माहेरचा तोच तांदूळ हवा.

काल तू आधी पाठवलेलाच पुन्हा शिजवला. वास नव्हताच. जयाबाईंची वाट न बघता वाटी भरून मीच त्यांच्या दारात गेले.

लोभ आहेच, तो पेरता ठेव.
तुझी आक्का