नासपती उतरवायची राहिली

५ सप्टेंबर

चि. खारीस,
अ. आ. (अख्खे लिहायला शाई नाही.)

तुझं पत्र पोचलं. चार ओळी माझी चौकशी आणि दोन पानं विहीणबाईंचं कौतुक. त्यांनी मागची खोली दिली, त्यांनी टोपी विणली, त्यांचा चहा कसा गरम. माझा काय बर्फाचा असतो?

तू म्हणतेस, नोकरीच तिकडे आहे. थंडीआधी पोट भरायला अस्वलं डोंगराच्या त्या अंगाला जातात, रानफळं तिकडेच पिकतात, म्हणून वनरक्षकालाही तिकडेच राहावं लागतं. बरोबर आहे. अस्वलांनासुद्धा तुझ्या आईची आईच बरी वाटते, बापाची आई कोणाला हवी? त्या शाळेत मास्तरीण होत्या, त्यांचं अक्षर मोत्यासारखं, माझ्या दोन यत्ता. पण तुझे लंगोट कोणी धुतले ते विचार एकदा त्यांना.

मी ठणठणीत आहे. परवाच शिडी लावून छपरावरचा पाला काढला. तुझी गादी उन्हात घातलीय. अस्वल इकडे आलं तर तुला इकडे यावं लागेल का, तेवढं कळव. सहज विचारते.

तुझी,
बापाची आई

१२ सप्टेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

यावं लागेल, पण तशी वेळ न येवो. आजी, अस्वलाने एकदा माणसाच्या दारचं फळ खाल्लं की ते ती चव विसरत नाही. पहिल्या खेपेला आम्ही पिंजऱ्यात धरून लांब सोडतो. दुसऱ्या खेपेला गोळी घालतात. म्हणून महिना संपायच्या आत दारची सगळी फळं उतरवायचा नियम आहे. तुझी नासपती उतरवलीस ना?

यंदा एक आई आहे, कान फाटलेली, दोन पिल्लांची. थेट तुझ्यासारखी. आधी पिल्लाला रट्टा देते, मग चाटत बसते. तिच्यावर माझा फार जीव आहे.

टोपीचा राग सोड. थंडी फार आहे इथे.

तुझी,
खार

४ ऑक्टोबर

चि. खारीस,
अ. आ.

नासपती उतरवायची राहिली. गुडघा धरलाय. काल भर दुपारी अस्वल आलं, पाठीमागे दोन पिल्लं. आईचा कान फाटका. आज परत आली. एवढी खाल्ली की फांदी मोडली.

तेव्हा तू नीघच. गादी तयार आहे. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग, आणि टोपी त्यांच्याकडेच राहू दे. इकडे तेवढी थंडी नाही.

वाट बघणारी,
आजी

१९ ऑक्टोबर

विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते. चुका काढायच्या तर काढा, तुमचा जन्मच त्यात गेला.

पोर नऊ दिवस माझ्याकडे होती. माझ्याकडे कसली, झाडाखाली पिंजऱ्याजवळ होती. उभ्या उभ्या खायची. डोक्यावर तुमची टोपी. गादीवर एकदाही पाठ टेकली नाही. दहाव्या दिवशी अस्वलीण पिंजऱ्यात सापडली. पिल्लं झाडावर चढून रडत होती, अगदी माणसाच्या पोरासारखी. त्यांना उतरवताना पोरीच्या हाताला ओरखडे आले.

तिच्या खात्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, फळं झाडावर कशी राहिली? मी तोंड उघडायच्या आत पोर म्हणाली, आजीला सांगायचं मीच विसरले. साहेब ते लिहून घ्यायला लागले. तिची नोकरी जाते की काय असं झालं मला. मग मी घरातून तिचं पत्र आणलं आणि साहेबांच्या हातात दिलं. म्हटलं, हिने सगळं कळवलं होतं. माझा गुडघाही बरा आहे. फळं मी मुद्दाम ठेवली. गोळीचं वाचलं होतं, पण मनावर घेतलं नाही. नात विहिणीकडे राहते ते मला बघवत नव्हतं. साहेब हसले. पोर हसली नाही.

आता ऐका. अस्वलिणीला पिल्लांसकट तुमच्या मागच्या उतारावर सोडलंय. पोरही तिच्या पाठोपाठ तुमच्याकडेच आली. म्हणजे आधी नात होती, आता माझी अस्वलीणही तुमची. मी नासपती तोडली, सगळी, शिडी लावून. तुमच्या दारात सफरचंदाचं झाड आहे म्हणे. आजच्या आज रिकामं करा. हात पुरत नसेल तर काठीने पाडा, पण एक फळ ठेवू नका. ती परत दारात आली तर मेली, आणि मग पोर माझ्याशी जन्मात बोलायची नाही.

सोबत गादी पाठवते. तुमच्याकडची तिला टोचते असं ती म्हणाली. म्हणाली नाही, मीच म्हणते. पण घाला.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझ्यावर नसला तरी चालेल. त्या फाटक्या कानावर असू द्या.

आपली,
पोरीच्या बापाची आई