टेपचे दुसरे टोक

सोमवार
आज सकाळी या घरात मुक्कामास आलो. खरेदीपूर्वी आठवडाभर राहून पाहण्याची परवानगी मालकांनी आनंदाने दिली. दलाल मात्र हसून म्हणाला की काका, लोक कलिंगड टिचकी मारून घेतात, तुम्ही तर फोड खाऊन बघताय! त्यात गैर काही नाही. वकिलांनी मालकीचा शोध पूर्ण केला आहे. घरावर कोणताही बोजा नाही. नळांना पाणी आहे, भिंतींना ओल नाही, बैठकीच्या खोलीत ऊन सुरेख येते. प्रत्यक्ष माप कागदाशी जुळते की नाही, एवढे पाहणे उरले आहे. पत्नी गेल्यानंतर मी एकट्याने पाहिलेले हे पहिलेच घर.

मंगळवार
बैठकीची खोली मोजली. टेप पोलादी, स्प्रिंगची. टोक सुटले की सर्रकन आत जाते. आजवर दुसरे टोक पत्नीच धरीत असे. भिंतीला टेकवले की दोन हलके हिसके देई. म्हणजे धरलंय, तुम्ही वाचा. आज ते टोक खिडकीच्या चौकटीत अडकवले. मी समोरच्या भिंतीपाशी पोहोचलो आणि ते निसटले. टेप मात्र आत गेली नाही. हवेत ताणलेली राहिली. मग दोन हलके हिसके आले.
मी आकडा वाचला. कागदाशी जुळला.

बुधवार
सर्व खोल्या मोजल्या. प्रत्येक वेळी टोक धरले गेले. भीती वाटावयास हवी होती, वाटली नाही. गेले वर्षभर मला काहीच वाटत नाही. मुलीला फोनवर कळवले की घर पसंत आहे, शनिवारी विसार देतो. एवढी घाई कसली, असे तिने विचारले. तुझ्या आईलाही आवडले आहे, असे मी म्हणून गेलो.

गुरुवार
बैठकीची खोली विनाकारण पुन्हा मोजली. हातभर कमी भरली. भिंती जागच्या जागी आहेत. टोकच भिंतीपासून अलीकडे होते.
दुपारी शेजारीणबाईंनी कुंपणावरून चौकशी केली. मागे घर बघायला आलेले गृहस्थही असेच मोजत बसायचे, म्हणाल्या. एकटेच होते बिचारे. टोक भावानं धरलंय म्हणायचे, आणि भाऊ तर कधीच बुडून गेलेला! पुढे त्यांचे काय झाले, असे मी विचारले. देव जाणे, चपला दारातच होत्या, टेप तेवढी जमिनीवर पडलेली. एवढे बोलून, दूध उतू जाईल म्हणत त्या आत गेल्या.

शुक्रवार
मुलीला सर्व सांगितले. ती रडू लागली. म्हणाली, बाबा, आई टेप धरून कधी गप्प उभी राहिली होती का हो? ती आई नाही. आत्ताच्या आत्ता निघा.
खरे आहे. ही सतत बोलत असे. ओढू नका हो, बोट कापेल —
बॅग भरून दाराशी ठेवली. टेप बैठकीत राहिली होती. आणावयास गेलो. उचलताच टोक आपोआप बाहेर ओढले गेले. दोन हिसके.

शनिवार
बॅग दाराशीच. दलाल दुपारी येईल.
ती नव्हे, हे कळते. कोण, ते ठाऊक नाही. परंतु वर्षभरात दुसरे टोक कोणीही —
डाव्या हातात टेप. उजव्याने लिहितो. खटका सोडला. सर्रकन आत येत नाही. सावकाश येते आहे. कोणी चालत यावे तशी —
मी विचारले, धरलंय का.
वीतभर उरली. माझ्या बोटांवर गार काही — ही नव्हे. तरीही सोडवत ना