बंदराचा पिक्चर दोन नंबरला

सांगली,
रविवार दुपार

प्रिय अक्का,

‘प्रिय’ लिहिलंय म्हणून हसू नका. नणंदेला पत्र लिहिताना काय मायना घालतात, ते मला कुणी शिकवलं नाही. आणि एकाच घरात राहून तुम्हाला पत्र लिहायची वेळ कशाला येणार होती? पण आज आली. काल दुपारी मी टीव्ही लावला, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. तर त्याने उघडल्या उघडल्या आपली मालन आणून समोर उभी केली! तिच्या पायाशी तांबडी रेघ, आणि त्या रेघेचं शेवटचं टोक तेवढं कोरं. हा पिक्चर थोडा राहिलाय, पुढे बघायचा का, असं विचारत होता मेला.

कुठला पिक्चर, ते सांगायला हवं का? तुमचा लाडका, बंदराचा.

त्या दुपारी आपण तोच बघत होतो. शेवट जवळ आला आणि तुम्ही म्हणालात, “सुमन, गरगराय लागलंय गं. बंद कर. ऱ्हायल्याला उद्या बघू.” मग रिक्षा, दवाखाना, सलाईन. तो उद्या काही आला नाही.

अक्का, एक विचारू? नणंद गेली तर भावजयीला भेटायला कुणी येतं का हो? कुणी म्हणजे कुणी आलं नाही. तुमच्या दिराच्या लेकाला, भानुदासला, सगळे जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवत होते. बरोबरच आहे, अग्नी त्याने दिला. मला विचारलं ते चहात साखर किती घालू एवढंच. वरच्या मजल्यावरच्या बाई तर जिन्यात गाठून म्हणाल्या, “सुटलात हो सुमनताई, आता मोकळ्या झालात.” मोकळी! नवरा गेला तेव्हा आख्खी गल्ली माझ्या दाराशी बसली होती. तुमच्यासाठी रडायचं तर मला न्हाणीघरात जाऊन नळ सोडावा लागला.

आठवतं, तुम्ही कशा आलात ते? ‘हे’ गेले तेव्हा. तुमचा धाकटा भाऊ तो. आटपाडीहून एक पत्र्याची ट्रंक आणि बाजरीचं पोतं घेऊन एस्टीतून उतरलात आणि म्हणालात, “तेराव्यापतुर ऱ्हाते.” तेरावा झाला, मासिक झालं, वर्षश्राद्ध झालं, पोतं कधीच संपलं आणि तुम्ही राहिलातच. मी सातारा गावातली, हायस्कूलात भूगोल शिकवलेली, चहा कपातून पिणारी. तुम्ही बशीत ओतून फुरका मारणाऱ्या. सुरुवातीला मला तो आवाज सहन व्हायचा नाही. आपण बोलायचो ते पाणी आलं का, दूध तापलं का, एवढंच.

मग मालन आली आणि आपण भांडायला लागलो. देवाची कृपा!

तुम्ही रिमोटवर बसलात म्हणून ती आली, एरवी कुठली यायला? भजन लागलं होतं ते गेलं आणि काळ्या-पांढऱ्या पडद्यावर एक गोरी बाई खिडकीशी उभी. “ही कोण गं?” तुम्ही विचारलंत. मी इंग्रजी नाव वाचून सांगितलं. तुम्ही दोनदा जीभ वळवून बघितलीत आणि सोडून दिलंत. “ऱ्हाऊ दे. आमच्या आळीतल्या मालनगत दिसती. मालनच म्हनायचं.” झालं! साऱ्या जगाने जिला डोक्यावर घेतलं ती हॉलीवूडची नटी आपल्या घरात कायमची मालन झाली. महेशने, माझ्या लेकाने, नवा टीव्ही घेऊन दिला, त्याच्या रिमोटशी बोलता यायचं. तुम्ही तो तोंडाशी धरून ओरडायचात, “मालनचा पिक्चर लाव!” तो बिचारा कुणाच्या तरी हळदीतला नाच लावायचा, आणि तुम्ही त्याला शिव्या घालायचात.

एकदा तुम्ही विचारलंत, “अजून हाय का गं ही?” मी म्हटलं, “अहो, ती केव्हाच गेली. तुम्हा-आम्हाला माहीत व्हायच्या आधीच.” तुम्ही उठलात आणि न्हाणीघरात गेलात. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आला. ओल्या केसांनी बाहेर येऊन म्हणालात, “कळल्यावर आंगूळ तरी कराय पायजे की!” मी हसून हसून लोळले होते. आता तो प्रसंग आठवला की हसू येत नाही, काय करू?

आणि मग ते नंबर. तुमचा डावा हात म्हणजे आपला निकालाचा फळा. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाच जागा, अंगठा म्हणजे एक नंबर. सहावा पिक्चर आला की एकाला बोटावरून खाली उतरायचं. करंगळीवर टोपीच्या दुकानाचा, कारण “त्यात उगंच लय हसती.” राणीचा पिक्चर मी तिसऱ्यावर चढवला की तुम्ही उतरवायचात. का? “आख्ख्या पिक्चरमदी उपाशी ऱ्हायली बाई. येवढं मोठं ताट म्होरं ठेवलं, घास खाल्ला न्हाई.” हे काय पिक्चरला नंबर द्यायचं कारण झालं? आणि तो खुनाचा! ज्यात मालन स्वतः विष घालते. जगात त्याचं केवढं नाव आहे, मी वाचून सांगितलं तुम्हाला. तुम्ही त्याला बोटच दिलं नाहीत. “ती मालन न्हवंच. मालन असलं करायची न्हाई. दुसरी कुनीतरी हाय तिच्यागत दिसनारी.”

माझा एक नंबर आगगाडीचा. तो मी मरेपर्यंत सोडणार नाही. मालन सगळ्यांची उष्टी-खरकटी काढून कंटाळते, एक दिवस एप्रन खुंटीला अडकवते, स्टेशनावर येते आणि गाडीत बसते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. तुम्हाला तो चवथ्या बोटाच्या वर कधी जाऊ द्यावासा वाटला नाही. “कुठं गेली त्ये दावलंच न्हाई,” म्हणायचात.

आणि तुमच्या अंगठ्यावर कायम तो बंदराचा. काय आहे हो त्यात? बोटीवर गेलेला नवरा कितीतरी वर्षं परत येत नाही. मालन बंदरावर एकटी राहते, जाळी विणते, केस पिकतात. शेवटी एका पावसाळी संध्याकाळी दार वाजतं. दारात एक दाढीवाला थकलेला माणूस. ती त्याला आत घेते, चुलीवरचं भांडं उतरवते, एका खोलगट ताटलीत वाढते. तो जेवतो, ती समोर बसून बघते. संपला पिक्चर! मी म्हटलं होतं, झोप येते मला याने.

पण भांडण त्याचं नव्हतंच. भांडण होतं ते तिने त्याला ओळखलं की नाही याचं.

मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून सांगायची, “अहो अक्का, ओळखलंय तिने. तो तिचा नवराच आहे.” तुम्ही भडंगाचा बकाणा भरून मान हलवायचात. “वळखलं न्हाई. भुकेलं मानूस दारात आलंय, वाढती झालं.” मी पुन्हा लावून दाखवायची. तुमचं पुन्हा तेच. एकदा मी चिडून विचारलं, “समजा, ओळखलं असतं तर?” तेव्हा तुम्ही चावायच्या थांबलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, “वळखलं असतं तर वाढलं नसतं.”

मला कळत नव्हतं असं नाही हो. तुमचे मालक विट्याच्या ट्रकवर गेले ते परत आलेच नाहीत. मेल्याची खबर नाही, जित्याची नाही. तुम्ही सासरच्या उंबऱ्यात उभं आयुष्य काढलंत आणि कपाळाचं कुंकू शेवटपर्यंत ठेवलंत. मला सगळं ठाऊक होतं. तरी मी माझं सोडलं नाही. माझं म्हणणं, तिने ओळखलं आणि तरीही वाढलं, म्हणून तर ती मालन! आपण दोघी यावरून इतक्या वर्षांत किती दुपारी भांडलो असू? चहा गार व्हायचा आणि तुम्ही म्हणायचात, “तू साळंत बी आशीच व्हतीस व्हय गं? पोरं पळून कशी न्हाई गेली?”

आता घाटावरचं सांगते. तुम्ही होतात की नाही तिथे, मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला कृष्णेच्या घाटावर आम्ही नैवेद्य मांडला. भाकरी, वांग्याचं भरीत, बशीत चहा आणि भडंग. सगळे लांब होऊन उभे राहिलो. समोरच्या झाडावर कावळे ढिगाने, पण एक खाली येईना! भानुदास पुढे झाला, “काकी, माज्या बारकीचं लगीन थाटात करतो. काळजी करू नगा.” काही नाही. महेश पुढे झाला, “आत्या, आईला मी पुण्याला घेऊन जातो.” तर जो कावळा खालच्या फांदीवर आला होता तो उडून वरच्या फांदीवर बसला. ऊन चढायला लागलं. लोक घड्याळं बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववू या. दर्भाचा? तुम्हाला? तुम्ही कधी खोट्यावर भागवून घेतलंत? भानुदास माझ्याजवळ आला. “मामी, तुमी बोला की. कायतरी ऱ्हायलंय काकीच्या मनात.”

मी पुढे गेले. हात जोडले. आधी हळू बोलले, मग म्हटलं लाज कुणाची धरायची, आणि मोठ्याने सांगून टाकलं, “अक्का, बंदराचा एक नंबर. कायमचा. आणि तिने नाही ओळखलं त्याला. तुमचंच खरं.”

कावळा सरळ खाली आला आणि भाकरीला सोडून भडंगावर बसला!

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. परत येताना भानुदासने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मामी, कुठलं बंदर? काकीची कोकनात जागाबिगा हाय व्हय?” मला आधी वाटलं, घरी गेल्या गेल्या हे सांगायला पाहिजे. आणि ज्यांना सांगायचं त्यांचीच रक्षा आम्ही नुकती सोडून आलो होतो.

सगळे म्हणाले, छान झालं, म्हातारीचा जीव सुटला. सुटला असेल. माझं काय? ‘तुमचंच खरं’ म्हटल्यावर बोलायला उरलं काय, सांगा ना! आता आगगाडीचा कितीही चांगला असला तरी तो कुणाच्या नाकावर टिच्चून चांगला म्हणू? एकटीने पाचही बोटं भरली तर त्याला नंबर म्हणतात का? सकाळी एक भाकरी थापते, अर्धी संध्याकाळी खाते. चहा मी बशीत ओतून बघितला एकदा. फुरका मारायला जमत नाही, नुसता सांडतो. इतक्या वर्षांत ज्या आवाजाने डोकं उठायचं, तो आवाज घरात नाही म्हणून मला झोप लागत नाही. तुम्हाला जायची एवढी घाई काय होती, अक्का? पिक्चर तरी संपू द्यायचा होतात!

काल मी ‘पुढे बघा’ दाबलं. दाबायला नको होतं. पाऊस लागला, दार वाजलं. मालनने दार उघडलं, त्या माणसाकडे बघितलं आणि चुलीकडे वळली. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “बघा, ओळखलं तिने!”

तुमच्या खुर्चीतून काहीच आलं नाही. भडंग चावल्याचा आवाज नाही, ‘व्हय, तुला सांगून गेली’ नाही. तिने ताटली हातात घेतली तिथेच मी बंद केलं. आणि आज हे लिहायला घेतलं.

तर ऐका. घाटावर दिलेला शब्द मी मागे घेते. बंदराचा दोन नंबरला. एक नंबर आगगाडीचा, होता आणि राहील. आणि मालनने त्याला ओळखलं होतं, दार उघडल्या क्षणी ओळखलं होतं, आणि ओळखूनच वाढलं.

कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडला की गेलेल्या माणसाचा पाय अडकतो, असं म्हणतात. मला माहीत आहे. माहीत असून मोडतेय. तुम्ही आयुष्यभर सगळ्यांसाठी अडकून राहिलात, नवऱ्यासाठी, भावासाठी. आता माझ्यासाठी थोडं अडका.

महेशला मी फोन करून पुण्याला येत नाही म्हणून सांगितलंय. का, ते सांगितलं नाही. त्याला कळायचं नाही. आणि तुम्हाला वचन देते, हे मात्र मोडणार नाही. तो राहिलेला शेवट मी एकटीने बघणार नाही. ती तांबडी रेघ तशीच राहील, टोकाशी कोरी. मालन हातात ताटली घेऊन उभी आहे. तुम्ही येऊन भांडल्याशिवाय मी तिला वाढू देणार नाही.

तुमची भांडकुदळ भावजय,
सुमन